पैशाचा विटाळ

२०१३ सालच्या मे महिन्यात ओक्लाहोमा विद्यापीठाच्या तीन खेळाडूंनी पदवीदानाच्या मेजवानीत पास्ता जरा जास्तच खाल्ला. जास्त म्हणजे पोटाला नव्हे, नियमाला. विद्यापीठाने ही बाब स्वतःहून नोंदवली आणि एनसीएए या नियामक संस्थेला कळवली. तिघांनी प्रत्येकी ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय संस्थेला दिले, तेव्हा कुठे त्यांची खेळण्याची पात्रता परत मिळाली. तेव्हाच्या भावाने ही रक्कम दोनसव्वादोनशे रुपयांची.

ऑक्टोबर २०१७ मध्ये याच एनसीएएने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रकरणाचा निकाल दिला. तिथे अठरा वर्षे असे वर्ग चालले होते जे प्रत्यक्षात कधी भरलेच नाहीत. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांत नाव घातले होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. निकाल असा, की शैक्षणिक गैरप्रकाराचा नियमभंग झाला असे म्हणता येत नाही. विद्यापीठाला शिक्षा काहीही नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज-क्रीडेतल्या गैरव्यवहारांची यादी करायला बसले तर ती संपणार नाही. खेळाडूला चोरून पैसे देणे, त्याच्या नावाने दुसऱ्याने निबंध लिहिणे, सामन्यात जुगाऱ्यांशी संगनमत, प्रतिस्पर्ध्याच्या खुणा चोरणे, लैंगिक अत्याचारांवर पांघरूण, खोट्या खेळाडूंना प्रवेश. मला त्या यादीपेक्षा ती कोणी आणि कशासाठी केली याचे कुतूहल जास्त वाटते. पास्त्याची वाटी एनसीएएच्या नियमांच्या वहीत सापडते आणि न भरलेला वर्ग सापडत नाही, तेव्हा वही कशाची राखण करत होती ते कळते.

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे जिमखाना. कबड्डी-खोखोच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, जमले तर ‘अश्वमेध’ ही आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि प्रेक्षक म्हणजे आपलेच वर्गमित्र. यातून मिळणारा लाभ बारावीच्या वाढीव गुणांचा किंवा सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाचा, म्हणून आपले घोटाळेही त्याच मापाचे असतात. बनावट क्रीडा प्रमाणपत्र ही त्यांतली परमावधी. अमेरिकेत मामला वेगळा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाख सात हजारांवर माणसे बसतात, म्हणजे तीन वानखेडे भरतील एवढी. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी २०१० मध्ये चौदा वर्षांचा करार झाला तो १०.८ अब्ज डॉलरचा. बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सर्वांत मोठा आकडा राज्यपालाच्या नावापुढे नसतो. तो सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या नावापुढे असतो.

या सगळ्या उलाढालीत एक माणूस मात्र सोवळ्यात होता. प्रशिक्षकाने कोट्यवधी घ्यावेत, वाहिनीने जाहिराती विकाव्यात, बूट-कंपनीने विद्यापीठाशी करार करावा, कोणाला काही बाधत नसे. खेळाडूला पैशाचा नुसता स्पर्श झाला की तो बाटला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, जेवण एवढेच त्याचे. त्यापलीकडचा डॉलर म्हणजे विटाळ, आणि प्रायश्चित्ताचा ग्रंथ चारशेहून अधिक पानांचा.

गंमत अशी की हे सोवळे पहिल्या दिवसापासून ओले होते. हार्वर्ड आणि येल यांच्यात १८५२ साली न्यू हॅम्पशरच्या विनिपसॉकी सरोवरावर नौकाशर्यत झाली. अमेरिकेतला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना. त्याचा खर्च उचलला होता रेल्वे कंपनीने, कारण सरोवराकडे जाणाऱ्या गाडीला प्रवासी हवे होते. पुढच्या शर्यतीत, १८५५ साली, हार्वर्डने नावेवर सुकाणूला बसवला तो शिक्षण संपवून गेलेला माजी विद्यार्थी. प्रायोजक पहिल्या सामन्यात आला आणि अपात्र खेळाडू दुसऱ्यात.

एनसीएए जन्माला आली ती मात्र पैशामुळे नव्हे. फुटबॉलमध्ये इतकी पोरे मरत होती की १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतले. १९०६ मध्ये विद्यापीठांनी संघटना उभारली आणि १९१० पासून ती नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, झाली. खेळाडूचा जीव वाचवण्यासाठी निघालेली संस्था त्याचे खिसे तपासण्याकडे कशी वळली, हा या गोष्टीचा कणा आहे.

१९२९ च्या ऑक्टोबरात कार्नेगी फाउंडेशनचा अहवाल आला. शंभरावर महाविद्यालयांच्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश ठिकाणी खेळाडूंना गैरमार्गाने ओढून आणले जात असल्याचे आढळले. त्याच सुमाराला वॉल स्ट्रीट कोसळले आणि अहवालाकडे बघायला कोणाला फुरसत उरली नाही. १९४८ मध्ये एनसीएएने शिष्यवृत्तीवर कडक मर्यादा घातली. सात विद्यापीठांनी ती जुमानली नाही. १९५० मध्ये त्यांना काढून टाकण्याचा ठराव आला. बाजूने १११ आणि विरोधात ९३ मते पडली, पण दोन तृतीयांश काही जमली नाहीत. पुढच्याच वर्षी तो नियम रद्द झाला. स्वतःचीच पोरे पास करणारा परीक्षक किती कडक असेल, तेवढीच ही संस्था कडक असणार होती, कारण तिचे सभासद म्हणजे हीच विद्यापीठे.

मग १९५१ चा जुगार. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने आदल्या वर्षी दोन्ही मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या होत्या. कामगारांच्या, स्थलांतरितांच्या मुलांचे ते कॉलेज, शहराच्या गळ्यातला ताईत. मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी उघड केले की त्यातले काही खेळाडू ठरवून कमी गुणांनी जिंकत होते. जुगारी संघ किती फरकाने जिंकेल यावर पैसे लावतात. मग हरण्याचीही गरज नसते. बारा गुणांनी जिंकायचे ते चारने जिंकायचे, एवढ्याने काम होते आणि खेळाडूच्या मनालाही फारसे टोचत नाही. सात महाविद्यालयांतले बत्तीस खेळाडू अडकले. केंटकीचे प्रशिक्षक ॲडॉल्फ रप छातीठोकपणे म्हणाले होते की जुगारी माझ्या पोरांना दहा फुटी काठीनेही शिवू शकणार नाहीत. काही महिन्यांत त्यांचीच पोरे पकडली गेली आणि केंटकीला १९५२-५३ चा अख्खा हंगाम घरी बसावे लागले.

त्याच १९५१ मध्ये वॉल्टर बायर्स एनसीएएचे पहिले पूर्णवेळ कार्यकारी संचालक झाले आणि पुढे साडेतीन दशके राहिले. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार भरपाई मागितली. तिचे म्हणणे साधे होते: कॉलेजने त्याला खेळण्यासाठी आणले होते, तेव्हा तो कामावर मेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ते फेटाळले. या धास्तीतून बायर्स यांच्या कार्यालयाने खेळाडूला ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणण्याचा दंडक घातला आणि सगळ्या कागदपत्रांत तो रुजवला. विद्यार्थी म्हटला की नोकर नाही, नोकर नाही म्हणजे भरपाई नाही. निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये, याच बायर्स यांनी आपण उभ्या केलेल्या व्यवस्थेवर कडाडून टीका करणारे पुस्तक लिहिले.

नियम सगळ्यांत निर्लज्जपणे मोडला तो टेक्ससमध्ये. डॅलसची सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी, खाजगी, श्रीमंतांची, फुटबॉलसाठी जीव टाकणाऱ्या तेलवाल्यांची. अमेरिकेत अशा दानशूरांना ‘बूस्टर’ म्हणतात: संघासाठी तिजोरी उघडणारे माजी विद्यार्थी आणि व्यापारी. विद्यापीठावर पूर्वी अनेकदा कारवाई झालेली होती. तरीही खेळाडूंना दरमहा पाकिटे मिळत राहिली, कोणाला पन्नास डॉलर, कोणाला सातशेहून जास्त. १९८६ च्या नोव्हेंबरात डॅलसच्या डब्ल्यूएफएए वाहिनीने एका माजी खेळाडूची मुलाखत दाखवली. दाखल होताना आपल्याला २५ हजार डॉलर मिळाले, असे त्याने सांगितले. क्रीडाविभागाच्या अधिकाऱ्यासमोर निवेदकाने कॅमेरा चालू असताना एक लिफाफा धरला. यावरची अक्षरे आपलीच, असे तो बोलून गेला, आणि आत काय होते याचा विषय निघताच त्याने शब्द फिरवला.

२५ फेब्रुवारी १९८७ ला एनसीएएने ‘मृत्युदंड’ दिला. हे नाव वर्तमानपत्रांनी दिलेले. अर्थ असा की १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द. १९८८ मध्ये घरच्या मैदानावर सामने नाहीत, म्हणून विद्यापीठाने तोही हंगाम सोडला. आठवड्याभरात आणखी एक स्फोट झाला. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष राहिलेले बिल क्लेमेंट्स त्या जानेवारीतच टेक्ससचे गव्हर्नर झाले होते. त्यांनी कबूल केले की मागची कारवाई झाल्यानंतरही पैसे चालू ठेवायचे, असे मंडळातल्या आम्ही काहींनी ठरवले होते. कारण काय, तर पोरांना शब्द दिला होता, तो पाळायला हवा. शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष आणि राज्याचा सत्ताधीश एकच, हे चित्र मराठी वाचकाला नवे नाही. पण बेकायदा देणे ‘दिलेल्या शब्दाला जागणे’ म्हणून मांडण्याची ही तऱ्हा दाद देण्यासारखी आहे. चौकशी शेवटी मेथडिस्ट चर्चच्या बिशपांनी केली.

१९८९ मध्ये संघ मैदानात परतला तो नवख्या पोरांचा. ह्यूस्टनने त्यांना ९५-२१ असे धुतले. हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात पुन्हा खेळायला या विद्यापीठाला २००९ उजाडले. मृत्युदंडाचा हा परिणाम पाहून एनसीएएच एवढी हादरली की पहिल्या प्रतीच्या मोठ्या फुटबॉल संघाला ही शिक्षा पुन्हा कधी झाली नाही.

शिक्षा कोणाला होते याबद्दल अमेरिकेत एक जुना विनोद आहे, बास्केटबॉल प्रशिक्षक जेरी टार्केनियन यांचा. केंटकीवर एनसीएए इतकी भडकली आहे, की आता क्लीव्हलँड स्टेटची शिक्षा दोन वर्षांनी वाढवील! बड्या घराण्याचा राग गरिबाच्या पाठीवर, हा त्याचा मतलब. स्वतः टार्केनियन एनसीएएशी वर्षानुवर्षे भांडले. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरले, पण दुसऱ्या दाव्यात दहा वर्षांनी संस्थेने त्यांना २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आता अभ्यासाकडे. खरे तर ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणायचे तर यातली फसवणूक सर्वांत मोठी मानायला हवी. क्रेटन विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू केव्हिन रॉस चार वर्षे खेळला आणि बाहेर पडला तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हते. १९८२ मध्ये तो शिकागोतल्या एका शाळेत लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून शिकायला लागला. सव्वासहा फुटांहून उंच माणूस. जॉर्जिया विद्यापीठात जॅन केम्प कच्च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत. नापास फुटबॉलपटूंना वर ढकलले जाते, अशी तक्रार त्यांनी केली आणि त्यांची नोकरी गेली. १९८६ मध्ये ज्यूरीने त्यांना २५ लाख डॉलरहून जास्त भरपाई देऊ केली. ती पुढे कमी झाली. त्या खटल्यात विद्यापीठाच्या बचावाच्या वकिलाने जे सांगितले त्याचा आशय असा होता: या पोरांना आम्ही पदवीधर करू शकणार नाही कदाचित, पण लिहावाचायला शिकवले तर निदान कचरा उचलण्याऐवजी पोस्टात चिकटतील. हा बचाव होता!

मिनेसोटात वेगळी तऱ्हा. तिथल्या क्रीडा-अभ्यास विभागातल्या जॅन गँगलहॉफ या कर्मचारी बाईंनी काही वर्षांत बास्केटबॉल संघातल्या पोरांसाठी चारशेवर निबंध आणि गृहपाठ लिहिले. पुढे त्यांनी स्वतःच ते सेंट पॉलच्या ‘पायोनियर प्रेस’ला सांगितले. बातमी १० मार्च १९९९ ला छापून आली, संघाच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी. चार खेळाडू बसवले गेले, संघ हरला आणि गावाने वर्तमानपत्राला शिव्या घातल्या. राज्याचे गव्हर्नर जेसी व्हेंचुरा, पूर्वाश्रमीचे कुस्तीगीर, तेही बातमीच्या वेळेवरून पत्रावर उखडले. वार्ताहर जॉर्ज डोरमन यांना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. विद्यापीठाचा १९९७ च्या उपांत्य फेरीपर्यंतचा पराक्रम दप्तरातून पुसला गेला.

मिनेसोटाला शिक्षा झाली आणि नॉर्थ कॅरोलायना सुटले, हे कसे? माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टीन यांचा २०१४ चा अहवाल वाचला की उलगडा होतो. आफ्रिकन व आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागातल्या एका प्रशासकीय बाई १९९३ पासून ‘स्वतंत्र अभ्यास’ नावाचे वर्ग चालवत. प्राध्यापक नाही, तास नाही. शेवटी एक निबंध द्यायचा, तो त्या बाईच तपासणार, आणि श्रेणी सढळ. क्रीडाविभागाच्या समुपदेशकांना हे ठाऊक होते आणि गुण घसरलेल्या खेळाडूंना तिकडे वळवले जाई. बाई २००९ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा फुटबॉलच्या समुपदेशकांनी प्रशिक्षकांसमोर रीतसर सादरीकरण केले: ज्या वर्गांत जावे लागत नव्हते, टिपणे घ्यावी लागत नव्हती, जागे राहावे लागत नव्हते, ते वर्ग आता बंद झाले.

मेरी विलिंगहॅम या शिक्षिकेने हे चव्हाट्यावर आणले आणि त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. एनसीएएपुढे विद्यापीठाने मांडलेला मुद्दा अचूक होता. हे वर्ग फक्त खेळाडूंसाठी नव्हते, इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, तेव्हा हा खेळाडूंना दिलेला ‘खास लाभ’ ठरत नाही. अभ्यासक्रम खरा की खोटा, हे ठरवणे विद्यापीठाचे काम, क्रीडासंस्थेचे नव्हे. समितीने ते मान्य केले. सगळ्यांना सारखेच फसवले की नियम मोडत नाही. मिनेसोटाच्या बाईंनी निबंध फक्त खेळाडूंचे लिहिले, ही त्यांची चूक झाली म्हणायची.

याहून काळे प्रकरण मिशिगन स्टेट विद्यापीठाचे. तिथला क्रीडावैद्य लॅरी नासर याने उपचारांच्या नावाखाली शेकडो मुलींवर अत्याचार केले. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली आणि विद्यापीठाने ३३२ पीडितांना ५० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एनसीएएने कळवले की आमच्या कोणत्याही नियमाचा भंग आढळला नाही. टेक्ससच्या बेलर विद्यापीठात फुटबॉलपटूंवरचे बलात्काराचे आरोप दाबले गेले, प्रशिक्षक आणि कुलगुरू दोघांची गच्छंती झाली. तिथेही २०२१ चा निकाल तोच, हे नियमांत बसत नाही. इतर किरकोळ बाबींसाठी पाच हजार डॉलर दंड. पेन स्टेटचा माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की याच्या बाल-अत्याचार प्रकरणात, २०१२ मध्ये, लोकक्षोभ एवढा होता की संस्थेने नेहमीची चौकशी बाजूला ठेवून थेट सहा कोटी डॉलरचा दंड केला आणि चौदा वर्षांचे विजय रद्द केले. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१५ मध्ये विजय परत द्यावे लागले. मुलांवरचे अत्याचार कोणत्या कलमाखाली येतात, हे शेवटपर्यंत कोणाला नीट सांगता आले नाही. पास्त्याला कलम होते.

समन्स काढण्याचा अधिकार एनसीएएला नाही, हेही यात धरायला हवे. कोणाला साक्षीला ओढता येत नाही, बँकेची कागदपत्रे मागवता येत नाहीत. म्हणून मोठी प्रकरणे बहुधा वार्ताहर, पोलीस किंवा आतल्या नाराज माणसाकडून फुटतात आणि संस्था मागून पोहोचते. मायामीच्या प्रकरणात तर तिने कडी केली. नेविन शपिरो हा बूस्टर कोट्यवधींच्या पाँझी घोटाळ्यात तुरुंगात गेला होता. तो म्हणाला, मी वर्षानुवर्षे खेळाडूंना पैसे, पार्ट्या आणि बायका पुरवल्या. मग तपास अधिकाऱ्यांनी शपिरोच्याच वकिलाला पैसे देऊन दिवाळखोरीच्या खटल्यात आपल्याला हवे ते प्रश्न विचारून घेतले. समन्स नाही, तर उसने आणले. २०१३ मध्ये एनसीएएला हे स्वतः जाहीर करून तो पुरावा टाकून द्यावा लागला.

एफबीआयला अशा अडचणी नसतात. २६ सप्टेंबर २०१७ ला दहा जणांना अटक झाली. त्यांत चार नामवंत विद्यापीठांचे साहाय्यक बास्केटबॉल प्रशिक्षक होते आणि आदिदासचा एक बडा अधिकारी. आरोप असा की लुईव्हिलसारख्या, आदिदासशी करार असलेल्या विद्यापीठात खेळावे म्हणून कंपनीने मुलांच्या घरच्यांना लाखभर डॉलरपर्यंत कबूल केले. यात गुन्हा कोणता? कंपनीने कोणाला पैसे दिले तर कायदा मोडत नाही. सरकारी वकिलांनी तोड काढली: पैसे घेतल्याने मुलगा अपात्र झाला, तरी विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली, म्हणजे विद्यापीठाची फसवणूक झाली. ज्या विद्यापीठाच्या फायद्यासाठी पैसे दिले तेच या खटल्यात पीडित! लोकांना त्याबद्दल तुरुंगवास झाला. चारच वर्षांत खेळाडूने कंपनीकडून पैसे घेणे नियमात बसू लागणार होते.

दीड वर्षाने, मार्च २०१९ मध्ये, ‘व्हर्सिटी ब्लूज’ हे प्रवेश-घोटाळ्याचे प्रकरण फुटले. इथे पैसा उलट्या दिशेने वाहत होता. गुणी खेळाडूला आणण्यासाठी नव्हे, न खेळणाऱ्याला खेळाडू दाखवण्यासाठी. रिक सिंगर नावाचा प्रवेश-सल्लागार येल, स्टॅनफर्ड, जॉर्जटाउन, यूएससी इथल्या प्रशिक्षकांशी संधान बांधून होता. नौकानयन, वॉटर पोलो, टेनिस अशा खेळांत प्रशिक्षकाच्या शिफारशीवर काही जागा असतात, आणि तिथे कॅमेरे नसतात. श्रीमंतांच्या मुलांचे चेहरे दुसऱ्याच खेळाडूंच्या शरीरांवर चिकटवले गेले. एका अभिनेत्रीच्या मुलींचे फोटो व्यायामाच्या वल्ही-यंत्रावर बसवून काढले आणि अर्जाला जोडले. त्या घराने मोजलेली रक्कम पाच लाख डॉलर. आपल्याकडच्या बनावट क्रीडा प्रमाणपत्राचा हा वातानुकूलित अवतार. अमेरिकेतल्या मराठी घरांतही मुलाला तलवारबाजीला घालावे की स्क्वॉशला, याची चर्चा प्रवेशाकडे डोळा ठेवून चालते. या खटल्यांनी निदान एवढे दाखवले, की ही चर्चा सर्वांत वरच्या थरात कुठवर जाते.

सोवळे फिटले ते न्यायालयात. यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एड ओ’बॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये आपल्यासारखाच खेळाडू दिसला, तोच क्रमांक, तोच डावरा हात. त्याला एक सेंट मिळाला नव्हता. त्याने २००९ मध्ये दावा लावला, २०१४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कनेटिकटच्या शबाझ नेपियरने राष्ट्रीय विजेतेपदाच्या वेळी पत्रकारांना सांगितले, की काही रात्री मी उपाशी झोपतो. आठवडाभरानेच एनसीएएने खेळाडूंना हवे तितके जेवण देण्याचा नियम संमत केला. त्याआधी सुका पाव हा खाऊ होता आणि त्याला लोणी-चीज फासले की ते जेवण ठरे.

२१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंनी लावलेल्या ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला हरवले. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि चेहरा विकून कमावता येऊ लागले. जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनला २०१० मध्ये स्वतःची जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून चार सामने बाहेर बसावे लागले होते. ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी वस्तूंच्या बदल्यात गोंदवून घेतले, म्हणून पाच सामन्यांची बंदी झाली होती, पण ती पुढच्या हंगामासाठी. तोंडावर आलेला शुगर बोल हा मानाचा सामना त्यांना खेळू दिला; त्या सामन्यावर पैसा लागलेला होता. यूएससीच्या रेगी बुशने अशाच पैशाच्या प्रकरणामुळे २०१० मध्ये परत केलेली हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज-फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार, त्याला एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा मिळाली. ६ जून २०२५ ला ‘हाउस’ नावाच्या, खेळाडूंच्याच खटल्यातली तडजोड मंजूर झाली: जुन्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलर, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर खेळाडूंत थेट वाटण्याची मुभा. परदेशी विद्यार्थी मात्र यातही काठावर राहतो. मागच्या दशकात श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून टेनिस खेळली. आज तशी मुलगी गेली तर विद्यार्थी व्हिसावर जाहिरातीचे काम करताना तिला एनसीएएपेक्षा इमिग्रेशन खात्याची भीती जास्त.

गुन्हे संपले नाहीत, सरकले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सट्टेबाजीवरचा राष्ट्रीय निर्बंध उठवला आणि १९५१ चा तो जुगारी आता खेळाडूच्या फोनमध्ये येऊन बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रेझनो स्टेट आणि सॅन होजे स्टेटच्या तीन बास्केटबॉलपटूंना स्वतःच्याच सामन्यांवरच्या सट्ट्यात सापडल्याने कायमचे बाद केले गेले. मिशिगनच्या फुटबॉल विभागातला कर्मचारी कॉनर स्टॅलियन्स याने पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची तिकिटे काढून माणसे पाठवली, त्यांच्या हातखुणांचे चित्रण करवले. हे उघडकीस आले त्याच हंगामात मिशिगन अजिंक्य ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन कोटी डॉलरच्या पुढे जाईल असा दंड झाला आणि प्रशिक्षक जिम हारबॉ यांना दहा वर्षांची ‘कारणे दाखवा’ शिक्षा, म्हणजे जे कॉलेज त्यांना घेईल त्याने आधी एनसीएएला जाब द्यायचा. ते तोवर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये लॉस एंजेलिसच्या संघाकडे रुजू झाले होते. अजिंक्यपद मिशिगनकडेच आहे.

पैशाची पहारेदारी आता कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाच्या नव्या संस्थेकडे आहे. सहाशे डॉलरवरचा प्रत्येक करार खेळाडूने तिच्या संगणकप्रणालीत भरायचा. ती प्रणाली डिलॉइट या हिशेबनीस कंपनीने बांधली. बूस्टरने दिलेला पैसा खऱ्या जाहिरातीचा की संघात ओढण्यासाठीची लाच, हे तिने ताडायचे. एकोणीस वर्षांच्या क्वार्टरबॅकने मोटारींच्या दुकानासाठी दोन वाक्ये बोलण्याचा रास्त भाव किती, याचे कोष्टक मात्र कोणाजवळ नाही. बूस्टरांनी पैसे गोळा करायला ‘कलेक्टिव्ह’ नावाची मंडळे काढली आहेत. खेळाडूंना पैसे देणे एवढाच ज्यांचा धंदा त्यांचे करार चालणार नाहीत, असे कमिशनने १० जुलै २०२५ ला जाहीर केले. खेळाडूंच्या वकिलांनी न्यायालयात जाण्याची तंबी दिली आणि महिना संपायच्या आत कमिशनने ते मागे घेतले.